उजव्या बाजूचे स्क्रू

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून वहिनी दचकली असेल, तर तिला आधी सांग की इकडे कुणालाही काही झालेलं नाही. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीच्या शाळेतल्या परीक्षा संपल्या का? माझा फोन तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर मीही दोनदा वाजला की ठेवून देते, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

बातमी अशी, की खेळघरात नवी मशिनं आली. तीन पिनबॉल, तुमच्याच कंपनीची. बाबांच्या वेळची पाच इतकी थकली होती, की गिऱ्हाइकं खेळण्याऐवजी त्यांची विचारपूस करून जायची. शेवटी माझ्या वाट्याची जागा विकली. त्या रकमेत शहाणा माणूस घर घेतो, असं तुझे मेहुणे दिवसातून एकदा तरी ऐकवतात. ऑर्डरवर आपल्या खेळघराचं नाव होतं, तेव्हा तुला तिकडे कळलंच असेल.

दोन मांडली, तिसरं अजून खोक्यात आहे. दिसायला काय सुंदर आहेत रे! पण दुसऱ्याच दिवशी पहिल्या मशीनचा उजवा फ्लिपर वर गेला तो खालीच येईना. गोळी उडवायची सोडून वर्गात हात वर करून उभ्या राहिलेल्या पोरासारखा तसाच. काच काढून आत पाहिलं, तर तळाशी दोन स्क्रू गडगडत होते. दुसऱ्यात गोळीच्या उजव्या कडेच्या वाटेवर लॅकरच्या थराला फुगा आला होता. नख लावलं तर पापुद्रा निघाला आणि खालचं लाकूड उघडं पडलं. कोऱ्या मशीनचं हे असं?

माझ्या मनात पाल चुकचुकली ती पक्कडकाकांबद्दल. हो, तेच आपले मिस्त्री, बावीस वर्षं आपल्याकडे असलेले. पण समोरच्या चौकात नवं खेळघर उघडतंय, आणि काका तिथल्या मालकाबरोबर चहा पिताना मी स्वतः पाहिले. मशिनं मांडताना हात फक्त त्यांचा लागला होता. दोन आणि दोन चार होतात की नाही? मी त्यांना म्हटलं, "काका, थोडे दिवस घरी आराम करा." त्यांनी हात पुसले. बाबांनी दिलेली ती पक्कड गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, "ही बघून घे बाई, काही कमी नाही ना." मग चपला घालून गेले. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

तू अजून शेवटच्या तपासणीलाच आहेस ना? सहज विचारते. आणि मशीन कुणी पास केलं, हे बाहेरच्या माणसाला समजतं का? तेही सहजच.

उत्तर पाठव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
फौजदार
(बाबांनी ठेवलेलं नाव अजून चालतंय.)

*

१४ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. "आमची मशिनं मजबूत असतात. जमिनीची पातळी बघ. काकांना परत बोलाव. मी ठीक आहे." एवढं लिहायला अख्खं पान घेतलंस आणि सगळ्या ओळी डाव्या अर्ध्यातच कोंबल्यास. उजवीकडचं अर्धं पान कोरं. मी ते उजेडात धरून पाहिलं, काही लिहून खोडलंयस का म्हणून. काही नव्हतं. बहिणीला देण्यासारखं तेवढंच होतं, असं मी समजले.

जमिनीची पातळी पाहिली. ती चोख आहे.

तुमच्या कंपनीचंही उत्तर आलं. लॅकरमधले "किरकोळ फरक नैसर्गिक" असतात म्हणे. लेखी तक्रार करायची तर महिन्याच्या आत, म्हणजे येत्या शनिवारपर्यंत, आणि मशीनच्या आत चिकटवलेलं तपासणीचं कार्ड सोबत जोडायचं. कार्ड जोडलं की ज्याने पास केलं त्याची चौकशी होते, असंही तिथल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं. आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडे सध्या माणसं कमी करताहेत, तेव्हा चौकशी म्हणजे काय ते समजून घ्या."

आता मुद्द्याचं. तिसरं मशीन मी एकटीने उघडलं. खोक्यावरची कंपनीची पट्टी माझ्या हाताने कापली, काका आसपासही नव्हते. मशीन जागेवर लावलं, चालू केलं, पैसे टाकायच्या दारावर हात ठेवला आणि असा झटका बसला की कोपरापर्यंत मुंग्या आल्या. प्लग काढून आत पाहिलं. अर्थिंगची वायर उजव्या भिंतीवर नुसती टेकवलेली, तिचा स्क्रू दोन आटेही आत गेलेला नव्हता.

म्हणजे काका निर्दोष. म्हणजे मी एका भल्या माणसाला घरी बसवलं. ते मी निस्तरीन. पण मग दोष कुणाचा?

दादा, पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. कार्ड मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्यावरच्या आकड्यांवरून मला काही कळलं नसतं, पण बरोबरच्या खुणेखाली टिंब द्यायची खोड जगात दोनच माणसांची, बाबांची आणि तुझी. त्यातले बाबा गेले. तिन्ही कार्डांवर तीच खूण आहे. म्हणून विचारत होते, सहज.

तुला कळलं होतं ना, ही मशिनं कुठे चालली आहेत ते? बाबांचं मशिनं तपासायचं भिंग चोरल्याचा आळ मी तुझ्यावर घेतला, त्याला नऊ वर्षं झाली. भरल्या घरातून तू एक पिशवी घेऊन निघून गेलास. गेल्या वर्षी मावशीच्या आजारपणात दवाखान्याच्या बोळात मी भिंतीला टेकून उभी होते, आणि तू हातभर अंतरावरून मला न पाहिल्यासारखं करून पुढे गेलास. मी "दादा" म्हणायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. तो अपमान मी वर्षभर जपून ठेवला आहे. तेव्हा आता सरळ विचारते. हे तू मुद्दाम केलंस का? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं?

शनिवारच्या आत उत्तर हवं.

फौजदार

*

१७ मार्च

माझ्या दादा,

चौदा तारखेचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. वाचून झालं असेल तर मला शिव्या दे, पण हे मात्र शेवटपर्यंत वाच. पान मधोमध दुमडून मी डाव्या अर्ध्यातच लिहिते आहे. का, ते पुढे कळेल.

परवा पक्कड पिशवीत घालून काकांच्या घरी गेले. माफी कशी मागायची याची वाटेत चार वाक्यं तयार केली होती, दारात एकही आठवेना. नुसती रडले. काका म्हणाले, "चहा टाकतो. रडून झालं की सांग." समोरच्या मालकाचं काय म्हणून विचारायचा मला आता तोंडच नव्हतं, तर त्यांनीच सांगितलं. त्या माणसाने त्यांना दुप्पट पगार देऊ केला होता, आणि चहा पिता पिता काकांनी नाही म्हटलं होतं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

मग ते खेळघरात आले. तिन्ही मशिनं बंद करून काचा काढल्या आणि बाबांच्या पद्धतीने तपासलं. आठवतंय ना? "डोळ्यांना काय बघायचं ते बघू दे, बोटं फिरल्याशिवाय मशीन पास नाही." काकांनी डोळे मिटून एकेका स्क्रूवरून बोट फिरवलं आणि मी कागदावर खुणा केल्या. दोन तास लागले. तुमच्याकडे तपासणीला हातमोजे असतात, लॅकरला बोट लावायचं नसतं, एका मशीनला वीस मिनिटं आणि सगळं नजरेने, असं वहिनीनेच एकदा सांगितलं होतं.

कागद आम्ही दोघांनी दोनदा वाचला. डाव्या बाजूला तिन्ही मशिनांत मिळून एकही खोट नाही. एक स्क्रू सैल नाही, वायरीचा एक टाका कच्चा नाही. ढिले स्क्रू अकरा, सगळे उजव्या बाजूचे. फुगा उजवीकडे. वायर उजवीकडे. मुद्दाम वाईट करणारा माणूस इतकं नेमकं अर्धं मशीन चांगलं ठेवील कशाला?

काकांनी विचारलं, "पास कुणी केलं?" मी सांगितलं. ते स्टुलावर बसले आणि पक्कड उघडमीट करू लागले. मग म्हणाले, "आमच्या हिचं असंच झालं होतं. मी उजवीकडे पाण्याचा पेला ठेवायचो, आणि ही म्हणायची, तुम्ही मला पाणीसुद्धा विचारत नाही. सहा महिने भांडलो आम्ही. डोळे तिचे चांगले होते गं. डोक्यात बारीकसा झटका येऊन गेला होता, तिला कळलाही नाही. उजवीकडचं सगळं जगच गेलं होतं, आणि ते गेलंय हेच तिला दिसत नव्हतं."

दादा, मी घरी येऊन तुझी चिठ्ठी पुन्हा काढली. ते कोरं अर्धं पान घेऊन किती वेळ बसले ते सांगत नाही. मग दवाखान्याचा बोळ आठवला. तू जिन्याकडून आलास. मी ज्या भिंतीला टेकले होते, ती तुझ्या उजव्या हाताला होती.

मी डॉक्टर नाही, आणि अंदाज चुकण्यात माझा हातखंडा आहे, हे या महिन्याने सिद्ध केलंच आहे. पण हा एकदा बरोबर असला तर? एवढी फौजदारकी केली, सगळ्यांवर पाळत ठेवली, आणि तुला काही होत असेल ही शंका तेवढी कधी आली नाही. मला माझी लाज वाटते. आणि भीती वाटते, फार भीती वाटते.

आता एक कबुली. भिंग सापडलं आहे. आज नाही, चार वर्षांपूर्वी. जुन्या गल्ल्याच्या खणामागे पडलं होतं, बाबांनीच ठेवलेलं असणार. मी ते पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझ्याकडे येऊन चुकले म्हणावं लागलं असतं. चार वर्षं मला तेवढं जमलं नाही. चुकले रे दादा.

तक्रारीचं सांगते, कारण ते तू स्वतःहून विचारणार नाहीस. ती मी करणार. मला नुसत्या मुंग्या आल्या. ओल्या हाताच्या लेकराने त्या दाराला हात लावला असता तर काय झालं असतं? तुझ्या हातून पास झालेली मशिनं आणखी कुठे कुठे गेली असतील आणि तिथे आज कोण खेळत असेल, ते तुलाच शोधून सांगावं लागेल. तुझी नोकरी जाईल म्हणून मी कार्ड फाडावं, असं एकदा मनात आलं होतं. बाबांची आठवण आली आणि हात आवरला. पण तुझ्या पाठीमागे मी काही करणार नाही. एकदा केलं, तेवढं पुरे झालं.

म्हणून असं कर. वहिनीला हे वाचून दाखव, लपवू नकोस. हे मिळताच कारखान्यात साहेबांना भेटून सांग की उजवी बाजू पुन्हा तपासायला दुसरं माणूस लावा. शुक्रवारी सकाळच्या बसने दोघं इकडे या. ज्या डॉक्टरांनी काकूंना तपासलं, त्यांची दुपारची वेळ मी घेऊन ठेवली आहे. शनिवारी तक्रार आपण दोघं मिळून लिहू. अकराही स्क्रू तू तुझ्या अक्षरात मांड, खाली तुझी ती टिंबाची खूण कर. मग जे होईल ते होईल.

नोकरी गेली तर इथे ये. दया म्हणून म्हणत नाही, दया करण्याइतकी मी कुठे चांगली आहे? काकांची बोटं आता थरथरतात, ते स्वतःच परवा म्हणाले. तुझी थरथरत नाहीत. इथे हातमोजे नाहीत, वीस मिनिटांचं घड्याळ नाही, आणि तुझं भिंग आहे.

बसमध्ये वहिनीला तुझ्या उजवीकडे बसव, ती बाजू ती सांभाळेल. स्टँडवर उतरलास की मला शोधत बसू नकोस, मान फिरवू नकोस, कुणी आलं नाही असं समजून परत तर मुळीच फिरू नकोस. मी तुझ्या डाव्या हाताला उभी असेन. आणि या वेळी तुझ्या आधी मीच हाक मारीन.

तुझी,
धाकटी