मृणालची चार झाडं

७ ऑक्टोबर

सकाळी दात घासत होते तेवढ्यात चारुदत्तचा फोन. कॅनडाहून या वेळी फोन म्हणजे मृणालचंच काहीतरी! पण आवाज ठीक होता. "ताई, बुधवारी रात्री दव गोठणार म्हणतायत. झाडं आत्ताच कापू का ठेवू?"

मी ब्रश हातात धरून उभी. कुठली झाडं? — मग आठवलं. मृणालची गांजाची झाडं.

हे वाक्य लिहिताना अजून हसू येतं. माझी धाकटी बहीण, जी शाळेत असताना कॉफीसुद्धा चोरून प्यायची, तिने मे महिन्यात दह्याच्या रिकाम्या डब्यांत चार बिया लावल्या. तिकडे कायद्याने चालतं, घरामागे चार झाडं. किमो सुरू झाल्यापासून तिच्या पोटात काही ठरत नाही. तिच्या डॉक्टरांनीच सांगितलं, याचा काहींना उपयोग होतो, करून बघायला हरकत नाही. दुकानातल्या गोळीने डोकं गरगरलं, म्हणून स्वतःची लावली. आता पुरुषभर उंच झालीत.

तिचा नवरा चारुदत्त इंजिनिअर. पूल बांधेल, पण कुंडीतली तुळस त्याच्याकडून जगत नाही. आणि मी तीस-एक वर्षं जीवशास्त्र शिकवलेलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे!

"बघून सांगते," म्हटलं.

अनिल चहा घेऊन आला. फोनच्या पडद्यावर काय वाचतेय ते पाहिलं आणि कप ठेवूनच दिला. "अगं, रेल्वेची पेन्शन बंद करशील माझी!"

८ ऑक्टोबर

दिवसभर वाचलं. फुलोऱ्यावर राळेचे बारीक दाणे असतात. भिंगातून बघायचे. काचेसारखे स्वच्छ — कच्चे. दुधाळ — तयार. मधाच्या रंगाचे — उतरायला लागले. चारुदत्तच्या फोटोत मृणालचे अजून अर्धे काचेसारखे. म्हणजे थांबायला हवं. पण थंडीला कोण सांगणार?

हलकं दव गोठलं तर पानं जातील, फुलोरा तगेल. कडक गोठलं तर सगळंच जाईल. चारुदत्तला कळवलं — रात्री सुती कापडाने झाका, प्लॅस्टिक नको.

९ ऑक्टोबर

त्यांची सकाळ, आमची संध्याकाळ. व्हिडिओ लावला तर अंगणात चार बायका उभ्या! मृणालच्या जुन्या सुती, बंगाली तांताच्या साड्या नेसवलेल्या. एक निळी, एक जांभळ्या काठाची. सगळीकडे गवत पांढरं पडलेलं आणि या अशा ओटी भरून घ्यायला आल्यासारख्या.

"ही कल्पना कुणाची?"

"माझी," आतून मृणालचा आवाज. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती, डोक्याला लोकरी टोपी. चेहरा — नाही, लिहीत नाही. हसत होती एवढं लिहिते.

साड्या काढल्या. पानांच्या कडा शिजल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या, पण फुलोरा टणक. चारुदत्तचं एकच — "कापून टाकूया, ताई, पुढच्या वेळी काही नशीब साथ देणार नाही." आणि खिडकीतून मृणाल — "काही नाही कापायचं. कच्ची आहेत. मी लावलीत, मी ठरवणार."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, पुढचे दिवस ऊन आहे, थांबा. फोन ठेवला. कुणाच्या जिवावर मी "थांबा" म्हणाले?

११ ऑक्टोबर

मृणालचा निरोप — "ताई, नदी दाखव ना."

अनिलला घेऊन न्यू टाउनहून थेट बागबाजारला गेले. बाबांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा आम्ही तिथेच भाड्याने राहिलो होतो. मृणाल पहिलीत. मराठे म्हणून गल्लीतली पोरं "बर्गी आले, बर्गी आले" करत पळायची आणि ही उलट त्यांच्या मागे लागायची — अगदी बंगाल लुटणाऱ्या खऱ्याखुऱ्या मराठा स्वारासारखी!

घाटाच्या अलीकडचं रेल्वे फाटक बंद. गाडी जाईपर्यंत तिला मी रुळच दाखवले. मग घाट. पायऱ्यांवर चिखल, तेल चोपडून आंघोळीला उतरलेले दोन म्हातारे, हावड्याकडे निघालेली लाँच. पडद्यावर मृणाल हलेना. मला वाटलं, फोन लटकला.

"मृणाल?"

"आहे. तू फिरवू नकोस फोन. असाच धर."

हात भरून आला तरी धरून ठेवला. शेवटी अनिलने घेतला माझ्या हातून आणि तो तसाच धरून उभा राहिला.

१२ ऑक्टोबर

माझ्या कॅनडाच्या व्हिसाचं अजून काही नाही. रोज बघते. रोज तेच.

१४ ऑक्टोबर

वाईट दिवस. चारुदत्त गॅरेजमधून बोलत होता, हळू, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. काल तिने पाणीही ओकून टाकलं. "ताई, मी जाऊन सगळी कापतो. तिला आज हवंय, आणि मी काचेसारखे दाणे आणि दुधाळ दाणे करत बसलोय!" — आणि रडायला लागला. इतक्या वर्षांत मी याला रडताना पाहिलेलं नाही. आई गेली तेव्हा आम्ही सगळे रडलो, याने सगळ्यांना जेवायला वाढलं होतं.

काय सांगू? आज कापलं तरी वाळायला आठवड्याहून जास्त जाणार. ओलं काही कामाचं नाही. सांगितलं तेच. किती कोरडं वाटलं असेल! मग म्हटलं, "चारुदत्त, तुम्ही जेवलात का?"

त्याच्याशी बोलत बोलत एकेक झाड बघायला लावलं. चौथ्याच्या शेंड्यात राखाडी दिसलं. फुलोरा बोटाने उकलायला सांगितला. आत बुरशी. रात्री ओलं, दिवसा ऊन — होणारच होती. मीच थांबा म्हटलं होतं.

"हे झाड आजच काढा. बुरशीचा भाग सगळा फेका, तो तिच्या पोटात जाता कामा नये. मोह करू नका."

"मृणालला सांगू नका, ताई."

हो म्हटलं. आवडलं नाही मला.

१५ ऑक्टोबर

मृणालचा मेसेज — "खिडकीतून तीनच दिसतायत. तुम्ही दोघं मला काय समजता?"

१७ ऑक्टोबर

आज तिने स्वतः फोन केला. चारुदत्त दुकानात गेला होता.

आधी मला झाडाबद्दल झापलं. मग थोडा वेळ इकडचं तिकडचं — अनिलचा गुडघा, इकडे काली पूजेचे मांडव. मग मी धीर करून म्हटलं, "मृणाल, सोमवारी तुमच्याकडे पाऊस आहे आणि त्यामागून कडक थंडी. आता नाही थांबता येणार गं."

"माहितीये मला."

"मग?"

मग म्हणाली, "ताई, सकाळी डोळे उघडतात तेव्हा मला उठावंसं वाटत नाही. खरंच नाही वाटत. मग वाटतं, झाडं बघू रात्रीत काय झालं ते. म्हणून उठते. खिडकीपर्यंत जाते. तिथे गेले की चारू चहा देतो, मग घोटभर घेते. ती कापलीत की खिडकीतून मी बघू काय? कुंपण?"

आणि आम्ही दोघं इतके दिवस दाणे मोजत होतो!

मी टेबलाची कड धरून बसले. उपदेश करावासा वाटला, ओठांवर आलाही. गिळला. तिलाच म्हटलं, "भिंग आहे जवळ? जा. बाहेर जा, कोट घालून. मला सांग काय दिसतं ते."

गेली. फोनमध्ये तिचा श्वास, सपाता फरफटल्याचा आवाज. मग — "दुधाळ. सगळे दुधाळ, ताई. एखादा मधासारखा." आणि आवाज असा, शाळेच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा कांद्याची पेशी दिसल्यावर मुलींचा व्हायचा तसा.

"पिकलेत म्हणजे."

"पिकलेत."

मग तीच म्हणाली, "कधी कापायची ते तूच सांग, ताई. तू मोठी आहेस."

मोठी! खरंय. म्हटलं, "रविवारी. दुपारी, ऊन लागून कोरडी झाली की. आणि कात्री तू धरायची. चारुदत्तने नाही."

"बरं," म्हणाली. लहानपणी म्हणायची तसं.

२० ऑक्टोबर

आज काली पूजा. खाली सकाळपासून ढाक वाजतोय.

उठल्यावर व्हिडिओ आलेला पाहिला. त्यांच्या रविवारच्या दुपारचा. अंगणात खुर्ची, खुर्चीत मृणाल, कोटावर शाल, शालीवर आणखी एक शाल. पहिली फांदी कापताना कात्री पेलेना, तसं चारुदत्तने खालून तिचं मनगट धरलं. कापायला मदत नाही केली — नुसतं धरलं.

फांदी सुटली तशी ती मांडीवर घेऊन मोठ्याने ओरडली, विसर्जनाला ओरडतात तसं, अस्सल बागबाजारी बंगालीत — "आसछे बछोर आबार होबे!" पुढच्या वर्षी पुन्हा!

स्वतःच हसली. मग हसणं थांबलं. चारुदत्तला बंगाली येत नाही, तो तसाच हसत राहिला, तिच्याकडे बघत. मग त्यालाही कळलं. बंगाली न येता कळलं. व्हिडिओ तिथेच संपतो.

अनिलला दाखवला. तो चष्मा पुसायला बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. फांद्या गॅरेजमध्ये दोरीवर उलट्या टांगल्यात, अंधारात. पंखा हळू, थेट वारा लावायचा नाही. चारुदत्त दर काही तासांनी फोटो पाठवतो. एवढी माया त्याने कुठल्या पुलावरही केली नसेल!

काल रात्रीपासून तिकडे पाऊस. नेमका.

२५ ऑक्टोबर

कडक थंडी पडली. अंगणात फक्त बुंधे, पांढरे. मृणाल आज खिडकीशी आली नाही म्हणे. पण दुपारी गॅरेजमध्ये जाऊन बसली — पांघरूण घेऊन, टांगलेल्या फांद्यांखाली. "वास बघ," म्हणाली मला. फोनवर! "कडुनिंब आणि आंब्याच्या चिकाच्या मधला."

१ नोव्हेंबर

काडी वाकवली तर कडकन मोडली. वाळलं!

चारुदत्तने मंद आचेवर तुपात शिजवून गाळलं. तिच्या नर्सला विचारूनच मापलं — चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच.

२ नोव्हेंबर

फोन येईपर्यंत घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. आला.

"ताई, जेवली." एवढंच म्हणाला आधी. मग भडभडून — मऊ भात, वरण, लिंबू. वाटी संपवली. पुन्हा मागितला, ताई! थोडाच, पण मागितला. आणि पोटात राहिला. मग ती झोपली. रात्रभर. "मी मध्येच उठून श्वास बघत होतो, इतकी गाढ."

मी देवापुढे साखर ठेवली. कुठल्या देवाला, कशासाठी — काही स्पष्टीकरण दिलं नाही. देवानेही विचारलं नाही. अनिल म्हणाला, "शंकराला ठेव, त्याला चालतं."

खूप हसलो आज.

५ नोव्हेंबर

मृणालचा फोन. आवाज स्वच्छ, कितीतरी महिन्यांनी. तीन रात्री नीट झोपले, म्हणाली, आणि डोकं शांत झालं. शांत झाल्यावर कळलं मला काय हवंय. डॉक्टरांना सांगितलं, पुढची किमो नको. त्यांनी समजूत घातली नाही, ताई. हात हातात घेतला फक्त.

येतेय. इकडे, आमच्याकडे. ते तूप तिथेच राहणार — सीमेपलीकडे नेता येत नाही. "असू दे," म्हणाली, "त्याचं काम झालं."

दोघांची तिकिटं काढलीत. परतीचं फक्त चारुदत्तचं.