लोट्यातला बाकीचा ऐवज

पौष वद्य ४, संवत १९४७

बापूंच्या अस्थी आज वेचल्या. मामा बरोबर होते — माझ्या माचे थोरले भाऊ, वाजसूर वाळा. राख अजून गरम होती. मी चिमटा वापरला. त्यांनी हातानेच वेचल्या.

तांब्याचा लोटा, वर लाल फडकं. बांधायला गेलो तर मामांनी माझ्या हातातून घेतला. "खडू धरणाऱ्याची गाठ ती, मास्तर. वाटेत सुटेल." लोटा आत घेऊन गेले आणि बांधून आणला. डोळे लाल होते. बापूंना सगळे आपा म्हणत. म्हणाले, "अफूच्या अमलाशिवाय एक सकाळ गेली नाही आपांची. तिथं कोण देणार त्यांना?"

संध्याकाळी माणसं बसली. बापूंची जागा रिकामीच ठेवली. अफू घोटून, गाळून कसुंबा करायचा आणि आपल्या तळहातातून समोरच्याला पाजायचा — ते काम या गावात बापूंचंच. ज्याने ज्याच्या हातचा घेतला, त्या दोघांत वैर उरत नाही. आसपासच्या गावांतले भांडलेले लोक बापूंसमोर येऊन बसत. त्यांच्या ओंजळीतून थेंब गळत नसे. एकदाच सांडला — मामा तुरुंगातून सुटून आले त्या दिवशी, मामांच्याच दाढीवर. "आपा म्हातारे झाले," म्हणून सगळे हसले होते.

मा जेवली नाही.

वद्य ५

उद्या संगमावर निघतो. घोडी काढायला सांगितली तर मामा नको म्हणाले. "बापाला खांद्यावरून ने. त्यानं तुला नेलंय."

बरोबर आहे. पायी जाईन.

वद्य ६

 

दुपारी नाक्यावर पोचलो. इथून पुढे इंग्रजी हद्द. आमच्या दरबारच्या दुकानातली अफू इथून परवान्याशिवाय पुढे नेली की चोरी. हे मला ठाऊक आहे. मी तालुक्याच्या शाळेत शिकवतो, रोज याच सरकारचं मीठ खातो. माझ्या पुढे तुपाच्या दोन गाड्या होत्या. त्या तशाच सोडल्या. मला शिपायाने हात केला. झोळी चाचपली नाही, नाव विचारलं नाही. "लोटा उघड."

मी म्हटलं, वडिलांच्या अस्थी आहेत.

"उघड."

मला उघडवेना. त्याने गाठ सोडली. वरच, हाडांवर, पळसाच्या पानात बांधलेला अफूचा गोळा. लिंबाएवढा.

कारकुनाने माझं नाव, काम, वडिलांचं नाव लिहून घेतलं आणि कलम वाचून दाखवलं. त्याला ते पाठच होतं, तरी पुस्तक उघडलं. "अफू ज्या भांड्यात सापडेल ते भांडं, त्या भांड्यातला बाकीचा ऐवज, आणि वाहणारं जनावर — सरकारजमा. जनावर आहे?"

"नाही. आणि बाकीचा ऐवज म्हणजे माझे वडील आहेत."

"मलाही बाप होता, मास्तर. पण कलमात बाप वगळलेला नाही."

पंचनामा लिहायला बसला. लोटा तांब्याचा, एक. फडकं लाल, एक. राख व हाडं. मग टाक थांबला. मान वर न करता विचारलं, "किंमत काय घालू?"

 त्याने रेघ मारली.

लोटा जप्तीच्या कोठडीत गेला. मोठे साहेब फिरतीवर आहेत. ते येईपर्यंत मी हलायचं नाही. समोरच्या धर्मशाळेत आहे. इथून कोठडीचं कुलूप दिसतं.

वद्य ७

साहेब आले नाहीत.

गोळा मामांनीच ठेवला, दुसरं कोण ठेवणार? बापूंना तिथं तलफ लागेल म्हणून. खुळं प्रेम! राग यायला हवा, येत नाही. याच नाक्यावर मामांची घोडी, मांकी, धरली होती. खोगिरात अफू निघाली; कोणीतरी आधीच खबर दिलेली. मामांना सहा महिन्यांची कैद झाली, मांकी लिलावात गेली. ती त्यांच्या हातातला रोटला खायची. सुटून आल्यावर त्यांनी दुसरी घोडी घेतली नाही. एवढं सोसूनही अफू बांधून दिली.

कारकुनाने संध्याकाळी स्वतःच्या डब्यातली भाकरी पाठवली. परत पाठवली.

वद्य ८

साहेब आले. सोराबजी, पारशी, उतारवयाचे. पंचनामा हातात घेतला, बापूंचं नाव वाचलं आणि चष्मा काढला.

"ओघड खाचर गेले? कधी? अरे दीकरा, आधी नाव सांगायचं ना." मग कारकुनाला, "लोटा आणा."

"साहेब, कलमात बसत नाही."

"बसवा. त्यांच्या अस्थी मी कोठडीत ठेवू?"

मला वाटलं, बापूंची अब्रू इथवर पोचली आहे. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

साहेब रस्त्यापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "पैशासाठी खबर देणारे पुष्कळ भेटतात. अब्रूदार खबरी एवढ्या वर्षांत मला एकच भेटला."

तुमची काही गफलत होते आहे, म्हटलं.

"तुझ्या मामाची घोडी कोणी सांगितली? आणि अहमदाबादेत बापाने तुला शिकवलं ते काय कोरडवाहू जमिनीवर?" माझा चेहरा बघून थांबले. "तुला माहीत असेल असं वाटलं. माफ कर."

 मग विचारलं, या वेळी खबर कोणाची होती?

"जिवंत माणसाचं नाव मी सांगत नाही. तुझ्या बापाचंही, तो होता तोवर, कधी सांगितलं नाही."

वद्य १०

संगमावर लोटा रिकामा केला. भटजींच्या मागून मंत्र म्हटले. रडू आलं नाही. पाण्यात राख पसरली, मी बघत राहिलो. त्याच हातांनी बापू सगळ्यांना पाजत होते. मामांनाही.

बाराव्याला त्यांच्या जागी मला बसायचं आहे. समोर पहिले मामा असतील. सांगायचं की नाही?

वद्य १३

बारावा झाला. मी बापूंच्या जागी बसलो. अफू घोटायचा खरल मांडला, कसुंबा गाळला. ओंजळ भरण्याआधी मामा माझ्या कानाशी वाकले. "तुरुंगातून आलो तेव्हा पाजताना तुझ्या बापाचा हात थरथरला, मास्तर. तेव्हाच समजलो. पण तो जिवंत असेतो बोललो नाही, माझ्या बहिणीचं कुंकू होतं. माझी मांकी त्या कोठडीबाहेर दोन रात्री बांधलेली होती. त्यालाही दोन रात्री तिथं ठेवायचा होता. खबर मीच धाडली. आता फिटलं. दे."

सगळे बघत होते. मी ओंजळ भरून पुढे केली. त्यांच्या मिशा माझ्या तळव्याला लागल्या.

हात हलू दिला नाही.