रिकाम्या यंत्रातला हिरवा दिवा

गुरुवार, संध्याकाळ

आज फार थकलो. कापसाची ओल मोजणारं आमचं यंत्र उद्या ढाणकीच्या जिनिंगवाल्याकडे पोचवायचं आहे, आणि आतला बोर्ड सकाळपासून एकच रडगाणं गात होता: वायर जोडायची पिन आधीच वापरात आहे. कोणाच्या? मी तर एकही प्रोग्राम चालवला नव्हता. प्रोग्रामच्या परवानग्या तपासल्या, वायर बदलली, बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला. हिरवा दिवा दर वेळी लागायचा. म्हटलं, चला, वीज तरी येते आहे.

पण हिरवा दिवा विजेचा नाहीच. कापूस कोरडा असला तरच तो लागायला हवा, आणि यंत्र तर रिकामं होतं. दिवसभर समोर जळत होता, मला कसा दिसला नाही?

शेवटी भागीदाराला, सुधाकरभाऊंना विचारलं. ते सहज म्हणाले, "दसऱ्याले पूजा केली होती ना आपण. हार घातलेली मशीन अंधारात कशी ठेवू? चालू केली की दिवा लागते, असं मीच प्रोग्राममधी टाकून ठेवलं. काहून, अडचण झाली का?"

चिडायलाही ताकद लागते.

प्रोग्राममधली त्यांची ती ओळ काढली. दिवा गेला, पिन मोकळी झाली. मग मूठभर कोरडा कापूस आत घातला आणि दिवा लागला. भाऊंनी हात जोडले. मी खुर्चीतच बसून होतो. पण जोडले बहुतेक मीही.