मी पोहायला शिकले ते पाणी

प्रिय उन्मेष,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकशील. रुपालीच्या हाती आधी पडलं तरी हरकत नाही, तिने वाचू नये असं यात काही नाही. फोनवर सांगताना माझा आवाज नीट राहिला नसता, म्हणून लिहिते आहे.

उन्हाळ्यात माझ्या लघवीतून रक्त जायला लागलं. इथल्या, गिरगावातल्या डॉक्टरांनी आधी खडा म्हणून औषध दिलं, मग इन्फेक्शन म्हणून. थांबेना, तेव्हा परळच्या एका इस्पितळात दुर्बिणीने तपासून मूत्राशयाचा बारीकसा तुकडा काढला. घाबरू नकोस, कॅन्सर नाही निघाला. पण तिथल्या लॅबच्या डॉक्टर सुरुची यांनी स्वतः फोन करून मला बोलावलं. माझ्याहून बऱ्याच लहान आहेत. समोर बसवून विचारलं, "काकू, तुम्ही कधी आफ्रिकेत राहिला होतात का?" मी म्हटलं, "हो. मलावीला. नवऱ्याबरोबर." 'नवरा' हा शब्द किती वर्षांनी तोंडून गेला! त्यावर त्यांनी विचारलं, "तिथल्या तळ्यात कधी उतरलात?"

काय सांगणार होते मी त्यांना? माझगावची गोदी सोडून तू तिकडच्या फेरीबोटी दुरुस्त करायला गेलास आणि अंगावरची हळद उतरायच्या आत मी तुझ्यामागे आले. चौपाटीच्या काठी वाढलेली मी, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नव्हतं. रविवारी लव्हाळ्यांच्या कडेला, उथळ पाण्यात, माझ्या पाठीखाली हात धरून तू म्हणायचास, "अंग सैल सोड गं, मी आहे ना." आणि एका रविवारी मी तरंगत होते, तुझा हात कधीच निघाला होता, आणि ते मला कळलंसुद्धा नव्हतं. कळल्यावर जशी हसले, तशी हसले नाही मी पुन्हा कधी.

त्याच उथळ पाण्यातल्या गोगलगायींमधून बारीक अळ्या सुटतात म्हणे. कातडीतून आत शिरतात, त्यांचे जंत होतात आणि ते रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. शिस्टोसोमा त्यांचं नाव. आपल्याकडे सहसा दिसत नाहीत, म्हणून कोणी शोधत नाही. खात्री करायला डॉक्टरांनी मला भर दुपारी यायला सांगितलं. जिना चढायला-उतरायला लावला आणि मग लघवीचा नमुना घेतला, कारण अंडी त्या वेळी जास्त पडतात. नमुना यंत्रात गरगर फिरवून तळाचा गाळ काचेवर घेतला आणि मला म्हणाल्या, "बघायचंय?" मी डोळा लावला. जवाच्या दाण्यासारखं पिवळसर काहीतरी, एका टोकाला काटा, आणि आत काही तरी वळवळत होतं. तेवढ्यात शिकाऊ डॉक्टरांची गर्दी झाली. एक मुलगी फोनवर फोटो काढताना म्हणाली, "मॅम, हे फक्त पुस्तकात बघितलं होतं!" सगळ्यांचे चेहरे फुलले होते. तिच्यावर रागावता येईना. मी हळूच भिंतीला टेकून उभी राहिले.

आधी काढलेल्या तुकड्यातही अंडी होती, जुनी, चुन्यासारखी झालेली. डॉक्टरांनी माझे जुने कागद चाळले. मग म्हणाल्या, "ही अंडी गर्भाशयात, नळ्यांतही जातात. तुमच्या नळ्यांवरचे व्रण यांचेच असावेत असं मला वाटतं. आता सिद्ध नाही करता येणार." तुला आठवतं ना, परत आल्यावर मूल होईना म्हणून तपासलं, तेव्हा त्या व्रणांना टीबी समजून मला किती महिने गोळ्या दिल्या? चाचणीत टीबी कधी सापडलाच नव्हता. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची. त्यातच कधी लाल दिसली तर आपण म्हणायचो, औषधाचा रंग.

तुझ्या आई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. बायका बारशाचं बोलायला लागल्या की त्या विषय बदलायच्या, आणि मी आत जाऊन भांडी घासायला घ्यायचे. तू उशिरा घरी यायला लागलास, मी लवकर झोपायला लागले. एकदा तरी कडाकडा भांडलो असतो आपण! सह्या करून कोर्टातून बाहेर पडलो तेव्हासुद्धा तू मला टॅक्सी थांबवून दिलीस. पुढे रुपालीशी तुझं लग्न झालं, तुम्हाला मुलगी झाली, स्पृहा, आणि सगळ्यांनी मनात हिशेब मांडला, दोष कोणात होता याचा. मीही मांडला. मी अख्खी बाई आहे यावर माझा पुन्हा कधी विश्वास बसला नाही. स्पृहा तुला मिळाली याचा मला आनंद आहे, हे खरं मान. आपली कशी असती, हे अधूनमधून मनात येतं, एवढंच.

औषध सोपं निघालं. एका दिवसाच्या गोळ्या. व्रण मात्र जात नाहीत. पण हे पत्र माझ्यासाठी नाही, उन्मेष. त्या पाण्यात माझ्याहून जास्त वेळ तू असायचास. तुला काहीही त्रास नसला तरी हे जंत आत असू शकतात, आणि तसेच राहिले तर पुढे मूत्राशयाचा कॅन्सरही होऊ शकतो. माटुंग्याहून परळ काही लांब नाही. डॉक्टर सुरुचींना मी तुझं नाव देऊन ठेवलं आहे. रुपालीला आणि स्पृहाला तुझ्यापासून लागण होत नाही, ते मी आधीच विचारून घेतलं. जा, टाळू नकोस. काय निघालं ते मला कळवू नकोस, असं लिहिणार होते. पण कळव.

एकेकाळची तुझीच,
मीनाक्षी