पेशंट मीच हाय

३ जून
परत रक्त. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली तशी पाळी गेली ती गेली. आता पावसाळ्याच्या तोंडावर मधूनच लागतंय. आज ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, एका शिकाऊ बाईंना क्लच दाखवताना. पाठ धरलीय म्हटलं. ऑफिसपर्यंत त्यांनीच आणली गाडी. बऱ्या चालवतात आता.

६ जून
राजारामपुरीत बायकांच्या डॉ.कडे. काउंटरवरची मुलगी : "मिसेस कुठायत?" म्हटलं, मीच पेशंट. हसली. मग दाढीकडे बघून हसायची थांबली. आतून निरोप, "असल्या केस आम्ही घेत नाही."
गेल्या वर्षी गल्लीत बायकांच्या कॅन्सरची मोफत तपासणी होती. तिथंही, "दादा, वहिनींना पाठवा." वहिनी कुठनं आणू? परत आलतो.

९ जून
अक्काला सांगितलं. नाव बदलल्यापासून घरातली ती एकटीच बोलते. आप्पा जयसिंगपूरला, दुकानात. बाप असून माझा विषय निघाला की उठून जातात म्हणे.
अक्का ओरडली, "आईचं असंच झालतं की सागर! रगात जातंय म्हणून सांगाय लाजली आन् गेली." मग रडत बसली. मीच चहा केला.

१२ जून
मोठं हॉस्पिटल. महिला ओपीडीच्या दारात वॉचमन : "ओ पावणं, बाप्यांनी भाईर थांबायचं."
अक्का, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी : "त्योच पेशंट हाय! मी सोबत आलीया."
एक म्हातारी बाकावर सरकली. जागा दिली की लांब झाली, कळलं नाही.
तपासणी. लिहवत नाही. डॉ. बाई तरुण, हात हळू, तरी ओरडलो. म्हणाल्या, "इंजेक्शनांनी आतली कातडी पातळ होते, म्हणून जास्त दुखतं. सॉरी." तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

२१ जून
कॅन्सरच. गर्भपिशवीच्या तोंडाचा. बाजूला पसरलाय, ऑपरेशन करून उपयोग नाही. रेडिएशन, केमो.
ही पिशवी काढा म्हणून पुण्यात किती विनवलेलं. हा कागद आणा, तो आणा. आता काढून उपयोग नाही म्हणतात.
"बरा होईन?"
"प्रयत्न करू."
"इंजेक्शनं चालू ठेवू?"
"खरं सांगू? मला माहीत नाही. विचारून सांगते."
निदान खरं बोलल्या. बंद झाली तर आवाज, दाढी... नको. आज एवढंच.

२८ जून
भरती. पुरुषांचा वॉर्ड म्हणाला हा आजार आमच्याकडचा नव्हे. बायकांचा वॉर्ड म्हणाला बाप्या कसा ठेवायचा. दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून. शेवटी बायकांच्यातच कोपऱ्याची खाट, भोवती पडदा.
पलीकडं शिरोळच्या काकू. पडद्याआडून :
"तुमास्नी बी तितंच हाय?"
"व्हय."
"लई आग हुती न्हवं?"
"व्हय काकू."


४ जुलै
केमो सुरू झाल्यापासून उलट्या. पोटात पाणी राहीना. ड्रा. स्कूलच्या मालकांचा फोन, दुसरा माणूस ठेवलाय. वाईट वाटून घेऊ नको म्हणाले.

८ जुलै
डॉ. आज डोळ्यांत बघत नाहीत. अक्कानं बाहेर जाऊन आप्पांना फोन केला, हळू आवाजात. मला दोनच शब्द ऐकू आले, आईचं नाव आणि कॅन्सर. आत येऊन म्हणाली, "येतो म्हणालेत."
दाढी नीट करून घेतली. कशाला, माहीत नाही.

९ जुलै
आप्पा आलते. मला दिसले नाहीत, सिस्टरनं सांगितलं. वॉर्डाच्या दारात माझं जुनं नाव विचारलं. ती म्हणाली, आजोबा, या नावाची बाई इथं नाही. त्यांनी परत तेच सांगितलं. आडनाव, गाव. तेव्हा ती म्हणाली, "जयसिंगपूरचे एक सागर आहेत कोपऱ्यात. ते का?"
आप्पा बाकावर बसले जरा वेळ. केळी तिच्या टेबलावर ठेवली आणि स्टँडकडं गेले.
अक्का म्हणते, "उद्या परत आणती त्यांस्नी. कुणाचं नाव घ्यायचं ते सांगती की मी."
म्हटलं, सांगू नको.
"मग रं? गाठ कशी पडायची?"
सिस्टरला सांगून ठेवावं का, कुणी म्हातारा आला आणि त्याच जुन्या नावानं विचारलं, तर कोपऱ्याच्या खाटेकडं पाठवा म्हणून...