वर्षातून एकदाच कापायचं गवत

१२ जून
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
तुझ्या रोपवाटिकेतलं शोभेचं गवत लावलं. गुलाब उपटताना जीव तुटला, पण फवारण्या करू की ह्यांच्यामागे धावू? ना खत, ना निगा. अशी सून मिळाली असती तर सोनं झालं असतं!
सलून विकल्याचं हे विसरतात. सकाळी कात्री-कंगवा घेऊन बाहेर पडतात नि रस्ता चुकतात. पुन्हा हरवले तर संस्थेत ठेवायचं, असं लेकाने बजावलंय. बागेत मन रमेल, असं डॉक्टर म्हणाले. आता तुझ्या गवतावरच भिस्त.
माया असू दे.
तुझी ताई

३ सप्टेंबर
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
गवत कमरेएवढं झालं, वाचून बरं वाटलं. कापणी वर्षातून एकदाच, थंडी सरल्यावर. वीतभर तरी ठेव. त्याखाली कात्री लागली तर गड्डाच मरतो. भाऊजींना सांभाळ. लहानपणी माझं डोकं तेच भादरायचे, पण कानाला कधी धक्का लागला नाही.
लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा धाकटा

२० ऑक्टोबर
चि. धाकट्यास आशीर्वाद.
तुझी वीत मी वाचली, पण ह्यांना सांगितली नाही. गवत वाऱ्यावर झुलताना पाहून हे म्हणाले, गिऱ्हाइकं खोळंबलीत. तेव्हापासून रोज एका झुपक्याला टॉवेल गुंडाळतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि पार मुळापर्यंत कापतात. पुन्हा फुटलं की पुन्हा कापतात. फाटकाबाहेर एकदाही गेले नाहीत. अडवू कशी?
तुझी ताई

२ नोव्हेंबर
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
ते आता फुटायचं नाही. नवी रोपं पाठवतो, हवी तेवढी.
तुझा धाकटा

१५ नोव्हेंबर
चि. धाकट्यास आशीर्वाद.
रोपं पाठवू नकोस. ती वाढेपर्यंत हे थांबायचे नाहीत.
परवा शेवटचा झुपकाही वाळला. हे कात्री घेऊन फाटकाकडे निघाले, तशी मीच टॉवेल गळ्याभोवती घेऊन स्टुलावर बसले. हात अजून तसाच हलका आहे रे. कापता कापता मला विचारलं, बाई, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, आम्ही दोघं. नशीबवान आहात, म्हणाले.
काल परत बसले. आज सकाळी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. टॉवेल झटकला आणि फाटक उघडून गेले. संध्याकाळी पोलिसांनी आणून सोडलं.
लेक रविवारी गाडी घेऊन येतोय. तूही ये. केस न कापता ये.
तुझी ताई