खुर्ची घरीच ठेवा

अहो,

तुम्हाला गाढ झोप लागलीय म्हणून उठवलं नाही. ऑपरेशन माझ्या पाठीचं झालं, पण रात्री मी कूस बदलली की जागे तुम्ही होता.

मी कोपऱ्यावरच्या विहारापर्यंत चालून येते. कंबरेचा पट्टा बांधलाय, जिना कठड्याला धरून उतरेन. पिशवी घेतलेली नाही, तेव्हा येताना भाजी आणेन ही आशा सोडा. ओझं उचलायचं नाही, चालायचं मात्र रोज, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय.

रागावू नका, पण एकटी जायचं कारण ती प्लास्टिकची खुर्ची. गॅलरीत मी चालते आणि मला मध्येच बसावं लागलं तर म्हणून तुम्ही ती उचलून मागे मागे येता. काल शेजारच्या राधावहिनी म्हणाल्या, "वरात झकास निघालीय, फक्त बेंजो लावायचा राहिला." हसले मी. पण खुर्ची पाठीशी आहे म्हटलं की दमायच्या आधीच बसावंसं वाटतं. अशाने अंगात ताकद कधी यायची?

चहा थर्मासमध्ये आहे. तो पिऊन मग हवं तर शोधायला या. फक्त मागून हाक मारू नका. अपशकुनावर आपला विश्वास नाही, पण कंबरेत वळायला मला अजून मनाई आहे. सरळ पुढे या आणि बाजूने चाला. खुर्ची घरी ठेवलीत, तर माझा हात धरायला तुमचा एक हात तरी मोकळा राहील.

सुजाता